खिशातला दारूगोळा

टेक्सासात ज्याच्या खिशात रिव्हॉल्व्हर असतं, त्याच्या त्या खिशात दुसरं काहीही नसतं. सुटे पैसे नसतात, किल्ल्या नसतात, रुमालही नसतो. ही गरिबी नव्हे, शिस्त आहे. किल्ल्यांच्या जुडग्याने चापाशी झटापट सुरू केली, तर घराचं कुलूप उघडायला निघालेला माणूस मांडीला टाके घालून घेत बसेल. म्हणून शस्त्राचा खिसा कायम सोवळ्यात. तिथे विटाळ चालत नाही.

हे सोवळं मला दाखवलं माझ्या भाच्याने. भाचा मूळ चिंचवडचा. लहानपणी लक्ष्मी तोट्याची वात पेटवायला त्याला हातभर काठीला बांधलेली उदबत्ती लागायची, आणि वात पेटली की तो थेट दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात दिसायचा. पुढे शिकला, ह्यूस्टनला गेला, केटी नावाच्या उपनगरात घर घेतलं, आणि आता त्याच्या उजव्या खिशात स्मिथ अँड वेसन कंपनीचं ६४२ नंबरचं रिव्हॉल्व्हर असतं. वजन सुमारे सव्वाचारशे ग्रॅम. नळी दोन इंचांनाही जरा कमी. हॅमर आत दडवलेला, म्हणजे घाईत बाहेर काढताना कापडात अडकायला काही नको. आणि काडतुसं पाच.

सहा नव्हे, पाच. पुढची सगळी भानगड या आकड्याची आहे.

सहा काडतुसांचं सिलिंडर जाड होतं आणि खिसा फुगतो. एक कमी केलं की सिलिंडर सडपातळ होतं. १९५० साली कंपनीने हे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर कोलोरॅडो स्प्रिंग्जला भरलेल्या पोलिसप्रमुखांच्या परिषदेत मांडलं आणि नाव काय द्यावं हेही त्यांनाच विचारलं. प्रमुखांनी नाव निवडलं, ‘चीफ्स स्पेशल’. बारसं कोणत्याही समितीकडे दिलं की ती स्वतःचंच नाव ठेवते, हे आपल्याला चौकांच्या नामकरणावरून ठाऊक आहेच. दोन वर्षांनी कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा हॅमर दडवलेलं ‘सेंटेनियल’ आलं. भाच्याचं ६४२ त्या घराण्यातलं.

तर खिसा फुगू नये म्हणून एक गोळी कमी झाली, आणि तेव्हापासून हे रिव्हॉल्व्हर बाळगणारा माणूस जादाच्या गोळ्या ठेवून बाकीचे खिसे फुगवतो आहे.

“मामा, खरं म्हणजे पाच खूप झाल्या,” भाचा म्हणाला. “तीन यार्ड, तीन सेकंद, तीन गोळ्या. झालंच तर एवढंच होतं, असं इकडे सगळे म्हणतात.”

“मग दोन उरल्याच की.”

“हो, पण नाही उरल्या तर?”

(गोळ्या म्हटल्यावर तुमच्या मनात जो विनोद आला, तो त्या घरात माझ्या रक्तदाबाच्या डबीवरून पहिल्याच दिवशी होऊन गेला. भाच्याच्या बायकोने, म्हणजे सूनबाईंनी, त्याला बंदी घातली आहे.)

‘नाही उरल्या तर’ हा प्रश्न टेक्सासात भाच्याच्या बराच आधी पोहोचला होता. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट घेतलं. त्याचं पहिलं, पॅटर्सन नावाचं रिव्हॉल्व्हर पाचच गोळ्यांचं होतं. ते पुन्हा भरायचं म्हणजे आधी नळी काढायची, मग सिलिंडर काढायचं. घरी टेबलावर बसून करायचं काम हे; पण टेक्सास रेंजर्सना ते घोड्यावर बसून, समोर कोमांची स्वार असताना करायचं होतं. त्यांनी सोपा उपाय काढला. एकेक गोळी कोण भरत बसतो? भरलेलं अख्खं सिलिंडरच जादाचं जवळ ठेवायचं. १८४४ साली वॉकर्स क्रीकच्या चकमकीत जॅक हेजच्या रेंजर्सनी या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरांचा चांगलाच प्रताप दाखवला. तिथे सॅम्युएल वॉकर नावाचा एक रेंजर जबर जखमी झाला. वाचल्यावर पुढे त्याने कोल्टला सुधारणा सुचवल्या. त्यातली एक आपल्या कामाची: सहावी गोळी. १८४७ साली त्याच्या नावाचं वॉकर कोल्ट तयार झालं. गोळ्या सहा, वजन दोन किलो. एका गोळीची तहान भागवायला दोन किलोंचं धूड उभं राहिलं. ते कमरेला लावायची कुणाची छाती नव्हती. बहुतेक जण ते खोगिराला अडकवून घोड्याला वाहायला लावत.

पुढे तर मजाच झाली. आपण सिनेमात पाहतो तो पट्ट्याला पिस्तूल लावून भर बाजारात फिरणारा टेक्सासचा माणूस १८७१ सालीच बेकायदा ठरला. काही अपवाद सोडले तर पिस्तूल घेऊन फिरायला तिथे सव्वाशे वर्षं बंदी होती. १९९५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून परवाना घेऊन, कपड्याखाली लपवून बाळगायला मोकळीक मिळाली. १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याचीही गरज उरली नाही. भाच्याने तरीही परवाना काढला. चिंचवडचा माणूस, कागद असलेला बरा. त्याच्या दोन झेरॉक्सही काढून ठेवल्या आहेत.

आता जादाच्या गोळ्यांची सोय कशी करायची ते बघू. एक वाट स्पीडलोडरची. पाचही काडतुसं गोलाकार धरून ठेवणारा छोटा ठोकळा. सिलिंडरच्या तोंडाशी न्यायचा, एका जातीत मागची घुंडी पिळायची, दुसऱ्या जातीत नुसता दाब द्यायचा, पाचही गोळ्या एका दमात आत. कल्पना काही आजची नाही. प्रिडो नावाच्या इंग्रजाने १८९३ साली वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी असं साधन पेटंट करून ठेवलं होतं. पण अमेरिकेतले पोलिस त्यानंतरही कित्येक दशकं कमरेला चामड्याची पेटी लावून फिरत. झाकण उघडलं की सहा काडतुसं तळहातावर ओघळायची. तळहात थरथरत असेल तर काही जमिनीवर. १९७० साली कॅलिफोर्नियात न्यूहॉलला हायवे पोलिसांचे चार तरुण शिपाई काही मिनिटांत मारले गेले, त्यानंतर त्या दलाने चामड्याच्या पेट्या टाकून स्पीडलोडर दिले. या विषयात हसण्यासारखं पुष्कळ आहे, हा प्रसंग त्यातला नाही.

पोलिसाच्या पट्ट्याला स्पीडलोडर शोभतो. भाच्याच्या पँटच्या खिशात तो असा उंचवटा काढतो, की लपवायचं ते रिव्हॉल्व्हर बिनबोभाट लपतं आणि जे लपवायचं काही कारण नाही तेच उठून दिसतं. शिवाय मूठ डावीकडून तासून घ्यावी लागते, नाहीतर ठोकळा मुठीवर आपटतो आणि गोळ्या वाकड्या शिरतात. भाच्याने मूठ तासली. तासताना गॅरेजमध्ये जो भुसा पडला त्यावरून सूनबाईंना वाटलं, फर्निचर होतंय.

दुसरी वाट पट्टीची. कॅलिफोर्नियाचा जॉन बियांची, आधी पोलिस शिपाई आणि मग पिस्तुलाच्या चामडी म्यानांचा मोठा कारखानदार. त्याच्या कंपनीची ही रबरासारखी पट्टी प्रसिद्ध आहे. काडतुसं एका ओळीत बुडाशी पकडलेली. चपटी, मऊ, खिशात आहे की नाही कळतही नाही. दोनदोन काडतुसं भोकांत बसवायची आणि पट्टी सोलून काढायची. अडचण एकच: पट्टीला जागा सहा, रिव्हॉल्व्हरला भोकं पाच.

या सहाव्या जागेवर तिथे किती विचार झालेला आहे याची कल्पना आपल्याला येणार नाही. एक पंथ सहाही भरतो. एखादं हातातून पडलं तर असावं म्हणून. दुसरा पंथ पाच भरतो आणि टोकाची जागा बोटाने धरायला रिकामी ठेवतो. तिसरा, सगळ्यांत विचारवंत पंथ चारच भरतो. एक जोडी, मध्ये मोकळी जागा, आणखी एक जोडी. मध्ये बोट शिरतं, पट्टी झटकन सोलली जाते, आणि पाचवं काडतूस भरण्यात जाणारा वेळ वाचतो. भाचा या तिसऱ्या पंथाचा. म्हणजे पाचने भागणार नाही या चिंतेने तो जादाच्या मागे लागला, अभ्यास केला, साधनं आणली, आणि शेवटी चारवर समाधानी झाला. अमेरिकेत माणूस असा घडतो.

“मग ही पट्टी कुठल्या खिशात?” मी विचारलं.

भाच्याने दीर्घ श्वास घेतला. मी चुकीचा प्रश्न विचारला नव्हता. फार बरोबर विचारला होता.

भाचा उजवखोरा. गोळ्या संपल्या की दोन शाळा सुरू होतात. एक शाळा म्हणते, रिव्हॉल्व्हर उजव्या हातातच ठेव आणि डाव्या हाताने भर. म्हणजे पट्टी डाव्या खिशात हवी. पण बारीक काम डाव्या हाताने होत नाही. शांतपणे बसून सुईत दोरा ओवता येत नाही तो हात तेव्हा काय करणार? म्हणून दुसरी शाळा म्हणते, रिव्हॉल्व्हर डाव्या हातात घे आणि हुशार उजव्या हाताने भर. हे पटतं. पण मग पट्टी उजव्या खिशात हवी, आणि उजवा खिसा सोवळ्यात आहे. मागचा उजवा खिसा पाकिटाचा. पाकीट हलवावं तर डावीकडे, तिथे आधीच किल्ल्या, फोन, चष्मा आणि उजव्या खिशातून निर्वासित झालेला रुमाल.

जीन्सवाल्यांनी या जागतिक पेचावर उत्तर आधीच शिवून ठेवलं होतं. उजव्या खिशाच्या तोंडाशी एक पिल्लू खिसा असतो, साखळीच्या घड्याळासाठी केलेला. घड्याळं मनगटावर गेली तरी खिसा गेला नाही. ती पट्टी या खिशात उभी बसते, अगदी मापाने शिवल्यासारखी. भाच्याने ती मला बसवून दाखवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. फक्त तिथे कापडाचा भुगा साचतो. म्हणून दर रविवारी काडतुसं बाहेर काढून पुसायची. घरच्या देवांना आठवड्यातून एवढी आंघोळ नसते. आणि सुती पँट घातली की पिल्लू खिसा नसतो, सबब भाचा आता सणावारी, ऑफिसात, सत्यनारायणाच्या पूजेलाही जीन्सच घालतो. सूनबाईंनी आणलेले सगळे लेंगे कपाटात घडीत आहेत.

एका शनिवारी सराव पाहिला. घरात खरी काडतुसं वापरायची नाहीत हा नियम, म्हणून खरी दुसऱ्या खोलीत कुलपात, इथे नकली प्लास्टिकची. मला घड्याळ धरायला दिलं. भाच्याने अंगठ्याने खटका पुढे ढकलला, सिलिंडर डावीकडे बाहेर आलं. नळी आकाशाकडे केली आणि सळईवर तळहाताचा तडाखा दिला. आता पाचही रिकाम्या पुंगळ्या खाली पडाव्यात अशी अपेक्षा. पण नळीच दोन इंचांची, तर तिच्याखालची सळई किती लांब असणार? ती पुंगळ्यांना पूर्ण बाहेर काढतच नाही. उंबऱ्यापर्यंत आणून सोडते. पुढचं त्यांच्या मर्जीवर. चार पडल्या. पाचवी सासर सोडवत नसल्यासारखी अर्धवट लोंबत राहिली. तिला नखाने ओढली. मग नळी जमिनीकडे, हात पिल्लू खिशाकडे. पहिली जोडी आत गेली. दुसरी जोडी सोलताना एक काडतूस आत आणि एक सोफ्याखाली. भाचा वाकला.

“वाकायचं नाही ना?” मी घड्याळावरची नजर न काढता म्हटलं.

“सरावात वाकायचं. प्रसंगात नाही.”

तोवर स्वयंपाकघरात चहा उतू गेला होता. सोफ्याखालचं काडतूस दोन दिवसांनी त्या घरातल्या आपोआप फिरणाऱ्या झाडूयंत्राच्या पोटात सापडलं. यंत्राने एक लाल दिवा लावून कोपऱ्यात आंदोलन सुरू केलं होतं.

सिनेमात नायक भरलेलं सिलिंडर मनगटाच्या झटक्याने खटकन बंद करतो, ते मी भाच्याला करून दाखवायला सांगितलं. तो असा दचकला, जणू मी त्याला गाडी ढकलून सुरू करायला सांगितलं. तसं केल्याने सिलिंडरचा आधार वाकतो म्हणे. दोन्ही हातांनी, हळूच, बाळाला झोपवून दार लावतात तसं लावायचं. नायकाचं काय, त्याला रिव्हॉल्व्हर निर्माता आणून देतो.

धीर यावा म्हणून मग त्याने जेरी मिक्युलेकची चित्रफीत लावली. लुइझियानाच्या या गृहस्थाने १९९९ साली सहा गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं आणि आणखी सहा झाडल्या, एकूण वेळ २.९९ सेकंद. आम्ही ते पुनःपुन्हा लावलं. भरतो कधी तेच दिसत नाही. अर्थात त्याचं रिव्हॉल्व्हर थोराड, सहाही काडतुसं एका चकतीत अडकवलेली, आणि त्याच्या खिशात किल्ल्या होत्या की नाही याची नोंद नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, यापेक्षा न्यूयॉर्क पद्धत बरी.”

न्यूयॉर्क पद्धत अशी: भरत बसायचंच नाही, दुसरं रिव्हॉल्व्हर काढायचं. १९६८ ते १९७३ या काळात न्यूयॉर्क पोलिसांचं एक पथक वारंवार लुटल्या जाणाऱ्या दुकानांत दबा धरून बसत असे. त्यातला जिम सिरिलो पुढे फार गाजला. तिथल्या पोलिसांच्या दुसरं रिव्हॉल्व्हर बाळगायच्या सवयीवरून हे नाव पडलं असं सांगतात. पद्धत बिनचूक आहे. पुंगळी अडकण्याचा प्रश्न नाही, पट्टी सोलायची नाही, डावा-उजवा वाद नाही. फक्त दुसरं रिव्हॉल्व्हर कुठल्या तरी खिशात ठेवावं लागतं. आणि ज्या खिशात शस्त्र, त्या खिशात फक्त शस्त्र.

भाच्याने महिनाभर हेही करून पाहिलं, असं सूनबाईंनी सांगितलं. दोन्ही पुढचे खिसे सोवळ्यात गेले. किल्ल्या, फोन, पाकीट, चष्मा, रुमाल हे सगळं कुटुंब सूनबाईंच्या पर्समध्ये राहायला आलं. हा दोन रिव्हॉल्व्हरांचा धनी किराणा दुकानात बिल द्यायची वेळ आली की बायकोकडे हात पसरायचा. एकदा त्या पर्स घेऊन पुढे निघून गेल्या आणि हा पार्किंगमध्ये स्वतःच्याच बंद गाडीपाशी उन्हात उभा. दहा गोळ्या जवळ आणि गाडीची किल्ली नाही.

“त्यापेक्षा दहा गोळ्यांचं पिस्तूलच का घेत नाहीस?” मी अगदी भाबडेपणाने विचारलं. मला काही कळत नाही, पण २०१८ साली सिग कंपनीने साधारण तेवढ्याच आकाराचं, दहा गोळ्या मावणारं पिस्तूल काढलं आणि नंतर सगळ्यांनीच काढली, हे मी त्याच्याच टेबलावरच्या मासिकात वाचलं होतं. खटका दाबला की रिकामं मॅगझिन खाली पडतं, भरलेलं वर सारलं की झालं.

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. बहुधा हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्या काही वर्षं थांबल्या होत्या.

भाच्याची उत्तरं वाईट नव्हती. रिव्हॉल्व्हर खिशातल्या खिशातून झाडता येतं. पिस्तुलाची वरची पट्टी कोटाच्या अस्तरात अडकते. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. मॅगझिन निसटत नाही. सगळं खरं. पण शेवटी तो जे म्हणाला तेच मनातलं होतं: “मामा, यात फार भरवशाचं वाटतं.” ज्याला भरवशाचं वाटतं त्याला पट्टी, ठोकळा आणि दुसरं रिव्हॉल्व्हर कशाला लागतं, हे विचारायचं मी टाळलं. जेवायला बसायचं होतं.

जेवायला बाहेर गेलो, तर तिथे पाट्या. पुण्याच्या वाड्यांवरच्या पाट्यांना जगात तोड नाही असा माझा समज होता. टेक्सासने तो डळमळीत केला. दुकानदाराला आत शस्त्र नको असेल तर कायद्याने पाटीचा मजकूर ठरवून दिला आहे. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षर किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारे. कलम ३०.०६. अमेरिकन सैन्याच्या जुन्या, नामांकित रायफलच्या काडतुसाचं नावही तेच, तीस-शून्य-सहा. उघड्यावर लावलेल्या शस्त्रासाठी निराळी पाटी, कलम ३०.०७. आणि ज्या हॉटेलाची ५१ टक्के किंवा जास्त कमाई दारूच्या विक्रीतून होते तिथे लाल रंगात नुसतं ‘५१%’. तिथे शस्त्र न्यायचं नाही. सदाशिव पेठेने दुपारी एक ते चार एवढ्यावरच भागवलं. गिऱ्हाइकाला ताळेबंद दाखवून हाकलण्याची कल्पना तिलाही सुचली नव्हती.

भाच्याने पाटी वाचली, परत गाडीकडे गेला, रिव्हॉल्व्हर गाडीतल्या लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं आणि रीतसर निःशस्त्र होऊन आला. बसल्यावर पाणी पिताना त्याचा हात पिल्लू खिशाला लागला. चार काडतुसं आत आली होती. बंदूक बाहेर, दारूगोळा टेबलावर. टोर्टिया चिप्स खाताना तो सारखा खिशावर हात ठेवून होता. पाहणाऱ्याला वाटलं असेल, पोटात दुखतंय.

आपल्याकडे हा सगळा विषय कसा हाताळला जातो ते आठवून मला उगाच अभिमान वाटू लागला. वर्तमानपत्रातल्या आतल्या पानावरची ती बातमी घ्या: एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त. कट्टा बहुधा एका गोळीचा. काडतुसं किती तर फार वेळा दोनच. एक आत, एक जादा. इतकी काटकसर असलेला राखीव साठा तुम्हाला टेक्सासात मिळणार नाही. आणि परवानाधारकाचं म्हणाल तर एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. चिंता करायची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली आहे. शस्त्रंही २०१९ च्या दुरुस्तीपासून तीनांवरून दोनांवर आली. निवडणूक लागली की तीही बहुतेकांना पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. म्हणजे ज्या महिन्यात आपल्याकडे एकमेकांचा सर्वांत जास्त राग येतो, त्या महिन्यात घर मोकळं.

लपवण्याचाही प्रश्न नाही. आमच्याकडच्या एका लग्नात साखर कारखान्याचे एक संचालक खुर्चीवर बसताना सदरा असा काही वर घ्यायचे, की चामडी म्यान, त्यातलं रिव्हॉल्व्हर आणि पट्ट्यावर ओळीने खोचलेली काडतुसं निदान पहिल्या तीन रांगांना दिसावीत. त्यांचं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, .३२ चं, जुन्या वेब्ली वळणाचं. ते मधोमध मोडलं की सगळ्या पुंगळ्या आपोआप वर येऊन बाहेर पडतात. नखाने ओढायला लागत नाही. हे भाच्याला सांगितल्यावर त्याने कुतूहलाने विचारलं की पट्ट्यावरच्यांशिवाय जादाची काडतुसं ते कुठे ठेवतात. सांगितलं की कार्यकर्त्याकडे. काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का, म्हणजे १८६९ पासून चालू असलेला आपला खडकीचा कारखाना. भाच्याच्या चिंचवडहून लोकलने अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. काही माणसांना गावात मिळणाऱ्या वस्तूसाठी फार लांब जावं लागतं.

परतायची वेळ आली तशी मात्र माझी झोप उडाली. कारण मी त्याच मासिकात आणखी एक आकडा वाचला. २०२३ साली अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षातपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या. अख्खी बंदूक बॅगेत आहे हे माणूस विसरतो, तिथे बोटाच्या दोन पेरांएवढ्या काडतुसाची काय कथा. ते बॅगेच्या अस्तरात, फाटक्या कप्प्यात, तळाच्या पुठ्ठ्याखाली जाऊन बसतं आणि अमेरिकेतून निघताना दिसलं नाही तरी आपल्या विमानतळावर यंत्राला बरोबर दिसतं. मग शस्त्र कायदा १९५९, कलम २५. एकाच विसरलेल्या काडतुसापायी पकडलेल्या प्रवाशांचे खटले आपल्या उच्च न्यायालयांनी वेळोवेळी रद्दही केले आहेत. काडतूस आहे हे माहीतच नसेल तर तो जाणूनबुजून ठेवलेला ताबा नव्हे, असा त्यामागचा विचार. न्याय मिळतो. पण तो मिळेपर्यंत विमान गेलेलं असतं, आणि बॅगेतल्या बदामांचं काय होतं ते कुठल्याच निकालपत्रात येत नाही.

आमचं सामान वाढलं होतं. भाचा माळ्यावरून एक दणकट बॅग घेऊन आला. “मामी, ही न्या. मी हीच शूटिंग रेंजवर नेतो, काही होत नाही हिला.”

हिने बॅगेकडे असं पाहिलं की भाच्याने ती स्वतःहून परत माळ्यावर ठेवली.

नवी घ्यायला दुकानात गेलो. कोरी करकरीत बॅग, आत कागदाचे बोळे, तरी मी एकेका कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होतो. अस्तर ओढून पाहिलं, तळाचा पुठ्ठा उचलून पाहिला. दुकानातली मुलगी जवळ आली आणि तिने काय शोधताय म्हणून विचारलं. हिने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, पण टेक्सासात आहोत म्हणून मी सरळ सांगितलं, की एखादं काडतूस राहिलेलं नाही ना ते बघतोय.

मुलीने समजूतदारपणे मान हलवली. “हँडलच्या खाली एक चोरकप्पा आहे,” ती म्हणाली, “माझी नेहमी तिथेच सापडतात.”